नव्या कंपनीच्या जहाजावरून अलास्का

याआधी आम्ही दोघांनी केलेल्या दोन्ही क्रूझ एकाच कंपनीच्या होत्या, एक भूमध्य समुद्रातली आणि एक कॅरिबियनमधली, आणि दोन्ही वेळी जहाज म्हणजे पाण्यावर वसवलेले एक गजबजलेले शहरच होते. पाण्याच्या घसरगुंड्या, बर्फावरचे नाच, मजल्यांमागून मजले दुकाने, आणि या सगळ्यात समुद्र नेमका कोणत्या बाजूला आहे हे विचारावे लागे. त्या सफरींबद्दल आमची तक्रार नाही. पण अलास्काला जायचे ठरले तेव्हा माझ्या यजमानांनी एकच प्रश्न विचारला, "अगं, तिथे जाऊनही आपण जहाजाच्या पोटातच बसणार असू, तर एवढं लांब जायचं कशाला?" त्या प्रश्नापायी आम्ही ओळखीची कंपनी सोडली, तिच्याकडे साठलेल्या सभासदत्वाच्या सवलतींवर पाणी सोडले आणि दुसऱ्या एका कंपनीच्या, त्या मानाने लहान जहाजावर जूनच्या तिसऱ्या आठवड्यातली सात रात्रींची सफर नक्की केली. माझ्या दोन तक्रारी अजून त्यांच्या कार्यालयात पडून आहेत, त्यामुळे कंपनीचे नाव इथे घेत नाही.

अलास्काच्या सफरी मुख्यतः दोन बंदरांतून निघतात, अमेरिकेतले सिॲटल आणि कॅनडातले व्हँकूव्हर, आणि या दोहोंतला फरक पुष्कळ जण केवळ विमानाच्या तिकिटावरून मोजतात. खरा फरक पाण्याचा आहे. सिॲटलची बहुतेक मोठी जहाजे व्हँकूव्हर बेटाच्या पश्चिमेने, म्हणजे खुल्या प्रशांत महासागरातून वर जातात, तर व्हँकूव्हरची जहाजे त्या बेटाच्या आणि मुख्य भूमीच्या मधल्या, दोन्ही बाजूंनी डोंगरांनी धरलेल्या चिंचोळ्या पाण्यातून जातात. या मार्गाला इनसाइड पॅसेज म्हणतात. शिवाय अमेरिकेच्या १८८६ सालच्या एका कायद्यामुळे परदेशी झेंड्याच्या जहाजाला अमेरिकी बंदरातून प्रवासी उचलून, वाटेत एकाही परदेशी बंदराला न लागता, त्यांना परत तिथेच आणून सोडता येत नाही. म्हणून सिॲटलच्या सफरींत कॅनडाचे व्हिक्टोरिया बंदर घातलेले असते आणि पुष्कळदा तिथे जहाज पोचते तेव्हा संध्याकाळ सरत आलेली असते. आम्हाला ती नावापुरती संध्याकाळ नको होती. व्हँकूव्हरहून निघताना जहाजाला लायन्स गेट पुलाखालून जावे लागते, आणि पुलाखाली सुमारे ६१ मीटरचीच मोकळीक असल्यामुळे सर्वांत उंच जहाजे या बंदराकडे फिरकत नाहीत. आम्हाला तर हा फायदाच वाटला. आमच्या जहाजावर दोन हजारांच्या आतबाहेर प्रवासी होते, आणि आधीच्या दोन जहाजांच्या तुलनेत ही संख्या जवळजवळ निम्मी होती.

आमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांना या सफरीसाठी अमेरिका आणि कॅनडा या दोन्ही देशांचे व्हिसा लागतात, हे तिकीट काढण्याआधीच ध्यानात घ्यावे. अमेरिकेची इमिग्रेशन तपासणी व्हँकूव्हरच्या कॅनडा प्लेस या धक्क्यावरच, जहाजात पाय ठेवण्याआधी, उरकली जाते; त्यामुळे नंतर प्रत्येक बंदरावर कार्ड दाखवून नुसते उतरायचे असते. कंपनीने आम्हाला चढण्यासाठी साडेबाराची वेळ दिली होती आणि तिची चिठ्ठी ॲपवर ठळक अक्षरांत झळकत होती. त्या दिवशी तीन जहाजे सुटणार होती आणि त्या गर्दीत कंपनीच्या एकाही माणसाने ती चिठ्ठी पाहिली नाही. साडेअकरावाले, साडेबारावाले आणि दोनवाले सगळे एकाच रांगेत पावणेदोन तास उभे होते. वेळ वाटून द्यायची तर ती पाळली जाते आहे की नाही हे पाहणारा एक तरी माणूस उभा करावा.

केबिनविषयी आधी चांगले सांगते. बाल्कनीची खोली अपेक्षेपेक्षा मोठी होती, पलंगाखाली दोन्ही मोठ्या बॅगा सहज सरकल्या, न्हाणीघरात पाण्याला जोर होता आणि बाल्कनीत दोन खऱ्या आरामखुर्च्या होत्या, ज्यांत पाय लांब करून बसता येत होते. आमची खोली सांभाळणारा मुलगा पहिल्याच दिवशी न मागता दोन जाड लोकरी पांघरुणे बाल्कनीसाठी ठेवून गेला, आणि पुढे सात दिवस ती पांघरुणे आमच्या अंगावरून फारशी उतरली नाहीत. वाईट गोष्ट डोक्यावर होती. आमच्या बरोबर वरच्या मजल्यावर बुफे होता आणि पहाटे पाच वाजता तिथल्या खुर्च्या फरशीवरून ओढल्या जाऊ लागत. एक खुर्ची, मग दुसरी, मग चारपाच एकदम, असा तो खरखराट अर्धा तास चाले. स्वागतकक्षात तक्रार केली तेव्हा जहाज भरलेले आहे, खोली बदलता येणार नाही, असे अत्यंत गोड आवाजात सांगून त्यांनी कानात घालायच्या बोळ्यांची दोन पाकिटे दिली. चूक अर्थात आमचीही होती. जहाजाचा नकाशा कंपनीच्या संकेतस्थळावर असतो आणि वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील अशा मजल्यावरची खोली निवडावी, हे आम्हाला कळायला हवे होते. डावी बाजू घ्यावी की उजवी, यावर मात्र आम्ही आठवडाभर वाद घातला तो फुकट गेला. त्याचे कारण पुढे येईल.

जहाज साडेचारला सुटले आणि थोड्याच वेळात लायन्स गेट पूल आला. वरच्या डेकवर सगळे माना वर करून उभे होते. धुराडे पुलाला घासणार असे वाटत असतानाच ते अलगद खालून निसटले आणि लोकांनी टाळ्या वाजवल्या. आमच्या दृष्टीने या कंपनीची खरी ओळख मात्र रात्री साडेदहाला झाली. जहाजावर निसर्गाची माहिती देणारी एक बाई होती, वयाने पन्नाशीची, गळ्यात कायम दुर्बीण. तिने जेवणाच्या वेळी ध्वनिक्षेपकावरून एवढेच सांगितले की आज रात्री आपण सेमूर नॅरोज ही पाण्यातली अरुंद खिंड ओलांडणार आहोत, ज्यांना उत्सुकता असेल त्यांनी बाहेरच्या डेकवर यावे, आणि येताना मोठ्याने बोलू नये. आम्ही गेलो. जूनमध्ये तिथे त्या वेळीही पश्चिमेला उजेड रेंगाळत असतो. दोन्ही तीरांवरची झाडे काळी झाली होती आणि पाणी मात्र चकाकत होते, जागोजागी गोल गोल वळसे घेत होते, जणू खाली कोणी रवी फिरवते आहे. या खिंडीत भरती-ओहोटीच्या वेळी पाण्याचा वेग १५ नॉटपर्यंत, म्हणजे ताशी जवळजवळ २८ किलोमीटर, जाऊ शकतो, म्हणून जहाजे पाणी थबकण्याची वेळ साधून इथून जातात. आमची सुटण्याची वेळही त्यावरच बेतलेली होती. खिंडीच्या मधोमध पूर्वी रिपल रॉक नावाचा बुडालेला खडक होता आणि त्याने अनेक जहाजे आणि शंभरावर माणसे गिळली होती. शेवटी खाणकामगारांनी शेजारच्या बेटावरून समुद्रतळाखालून बोगदा खणून खडकाच्या पोटात १,२७० टन स्फोटके भरली आणि ५ एप्रिल १९५८ रोजी त्याचा माथा उडवून दिला. हे सगळे ती बाई कठड्याला टेकून, ज्यांना ऐकायचे त्यांच्यापुरते, हळू आवाजात सांगत होती. आधीच्या जहाजावर या वेळी आम्ही थिएटरात रांग लावून बसलो असतो.

दुसरा दिवस नुसता प्रवासाचा होता आणि तो इतक्या लवकर संपेल असे वाटले नव्हते. या जहाजाला चारी बाजूंनी फिरता येईल असा, लाकडी फळ्यांचा, छताखालचा रुंद डेक आहे. अलास्कासाठी जहाज निवडताना सर्वांत आधी हेच विचारावे असे मी आता म्हणेन, कारण तिथे पाऊस कधीही येतो आणि प्राणी दिसतात ते कधी या अंगाला, कधी त्या. डॉल पॉर्पस या डॉल्फिनसारख्या काळ्या-पांढऱ्या प्राण्यांची एक टोळी जहाजाच्या नाकापुढे दहाएक मिनिटे धावत होती, आणि आम्ही डेकवरून एका बाजूने दुसऱ्या बाजूला धावत होतो. व्हँकूव्हर बेट संपल्यावर क्वीन शार्लट साउंडमध्ये काही तास महासागर उघडा पडतो आणि जहाज डोलते. माझ्या यजमानांनी तेवढा वेळ डोळे मिटून काढला. त्या रात्री घड्याळे एक तास मागे करायची असतात, कारण अलास्काची वेळ व्हँकूव्हरच्या एक तास मागे आहे. ॲपवर ही सूचना होती, पण ज्यांनी ॲप उघडले नाही ते दुसऱ्या सकाळी बंद दारापुढे नाश्त्याची वाट पाहत बसले होते.

जुनो ही अलास्काची राजधानी आहे आणि बाहेरच्या जगातून तिथे जाणारा एकही रस्ता नाही. यायचे तर विमानाने नाहीतर बोटीने. आम्ही तिथे दुपारी एक ते रात्री दहा असे नऊ तास होतो, आणि जूनमध्ये रात्री दहालाही वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड असल्यामुळे ते सगळेच्या सगळे तास वापरता आले. देवमासे पाहण्याची सफर आम्ही जहाजाकडून न घेता ऑक बे इथल्या एका लहान बोटवाल्याकडून थेट घेतली. माणशी १८९ डॉलर पडले, जहाजाच्या सफरीपेक्षा फार स्वस्त नाही, पण बोटीत आम्ही चौदाच जण होतो आणि प्रत्येकाला खिडकी होती. हंपबॅक देवमासे हिवाळा हवाईच्या उबदार पाण्यात काढतात, तिथे ते जवळजवळ काहीच खात नाहीत, आणि उन्हाळ्यात वर्षभराची बेगमी करायला इकडे येतात. नियमाप्रमाणे बोटीने त्यांच्यापासून किमान १०० यार्ड, म्हणजे ९१ मीटर, दूर राहावे लागते. आमच्या बोटवाल्याने इंजिन बंद केले. मग जे झाले त्यात आधी आवाज आला, एखाद्या मोठ्या प्रेशर कुकरची शिट्टी अर्धवट दाबून धरावी तसा, मग उडालेली वाफ दिसली, मग काळी पाठ, आणि सर्वांत शेवटी शेपूट वर उभे राहिले, पाणी गाळत क्षणभर थांबले आणि आवाज न करता आत गेले. शेपटीच्या खालच्या बाजूचे पांढरे-काळे ठसे प्रत्येक देवमाशाचे निराळे असतात आणि अभ्यासक त्यावरूनच त्यांना ओळखतात. आम्ही पाच पाहिले. घोळक्याने बुडबुड्यांचे कडे करून मासे कोंडण्याची त्यांची जी प्रसिद्ध रीत आहे, ती आमच्या नशिबात नव्हती. परतताना मेंडेनहॉल हिमनदीपाशी उतरलो आणि नगेट फॉल्स या ११५ मीटर उंच धबधब्यापर्यंतची सपाट वाट चालून आलो. गुडघे कुरकुरणाऱ्यांनीही ती टाळू नये.

स्कॅगवे हे गाव १८९७-९८ च्या सोन्याच्या लाटेत उभे राहिले आणि आजही लाकडी पदपथ आणि खोट्या उंच दर्शनी भिंतींची दुकाने मिरवत बसले आहे. तिथल्या व्हाइट पास अँड यूकॉन रूट या रेल्वेविषयी आम्ही साशंक होतो, कारण जहाजावरचा प्रत्येक विक्रेता तिचेच नाव घेत होता. पण ती खरोखर घ्यावी. १८९८ ते १९०० या दोन वर्षांत हाताने आणि सुरुंगाने खोदलेली ही तीन फुटी रुळांची गाडी ३२ किलोमीटरांत जवळजवळ ८७० मीटर चढते, आणि डब्याबाहेरच्या उघड्या सज्जात उभे राहिले की खालच्या दरीत त्याच काळातली पायवाट अजून ओरखड्यासारखी दिसते. सोने शोधायला निघालेल्या प्रत्येकाजवळ वर्षभराची शिधासामग्री, सुमारे एक टन ओझे, असल्याशिवाय कॅनडाचे पोलीस त्याला सरहद्द ओलांडू देत नसत. ते ओझे वाहताना या घाटात सुमारे तीन हजार घोडे मेले आणि त्या घळीला अजून मेलेल्या घोड्यांचेच नाव आहे. जाताना डाव्या बाजूला बसावे. परतताना समोरासमोरचे प्रवासी जागा बदलतात, असा तिथला शिरस्ता आहे, आणि आमच्या डब्यातले एक गृहस्थ उठायला तयार होईनात तेव्हा त्यांच्या पत्नीनेच त्यांना उठवले.

आता ग्लेशियर बे, म्हणजे हिमनद्यांची खाडी. सफरीचे पैसे ज्या दिवसासाठी दिले, तो हा पाचवा दिवस. १९८० पासून हे राष्ट्रीय उद्यान आहे आणि तिथे दिवसाला जास्तीत जास्त दोनच मोठी प्रवासी जहाजे सोडतात, त्यामुळे सगळ्याच सफरी इथे जात नाहीत. काहींना त्याऐवजी एंडिकॉट आर्म ही चिंचोळी खाडी किंवा हबर्ड हिमनदी मिळते. तिकीट घेताना मार्गपत्रिकेत हे नाव आहे की नाही ते डोळ्यांत तेल घालून पाहावे. पहाटे खाडीच्या तोंडाशी एक छोटी बोट जहाजाला येऊन भिडली आणि उद्यानाचे दोन रेंजर, पाठीवर पिशव्या, चालत्या जहाजाच्या अंगावरची दोरीची शिडी चढून वर आले. त्यानंतर दिवसभर ध्वनिक्षेपकावर फक्त त्यांचा आवाज होता, आणि जहाजाने विक्रीची एकही घोषणा केली नाही. आधीच्या कंपनीच्या मानाने हे मला जवळपास संन्यास वाटले.

रेंजरने सांगितले की १७९४ साली ब्रिटिश दर्यावर्दी जॉर्ज व्हँकूव्हरच्या मोहिमेतली माणसे इथून गेली तेव्हा इथे खाडी अशी नव्हतीच, बर्फाच्या भिंतीत जेमतेम आठेक किलोमीटरचा एक खोबणा होता. १८७९ मध्ये निसर्गलेखक जॉन म्युअर आले तेव्हा तो बर्फ सत्तरएक किलोमीटर मागे हटला होता. आज आत शेवटपर्यंत जायला १०५ किलोमीटर लागतात. आम्ही ते अंतर सकाळभर कापत होतो आणि तोंडाशी दाट असलेले जंगल आत आत जाताना बुटके होत गेले, मग झुडपे राहिली, मग नुसते शेवाळ, मग उघडा खडक. जिथे बर्फ सर्वांत आधी वितळला तिथे झाडांना वाढायला सर्वांत जास्त वर्षे मिळाली, एवढेच त्याचे कारण. पण ते डोळ्यांपुढून सरकताना पाहणे म्हणजे अडीचशे वर्षे उलटी वाचत जाण्यासारखे होते.

साडेदहाच्या सुमारास जहाज मार्जरी हिमनदीसमोर काही शे मीटरांवर थांबले. भिंत पाण्यावर सुमारे ७५ मीटर उंच आणि दीड किलोमीटरहून जास्त रुंद आहे, पण मापाला काही नसल्यामुळे ती तशी वाटत नाही. एक समुद्रपक्ष्यांचा थवा तिच्यासमोरून गेला आणि सांडलेल्या मिरीपुडीएवढा दिसला तेव्हा कुठे अंदाज आला. दाबाने घट्ट झालेला बर्फ तांबडा प्रकाश शोषून घेतो आणि निळा परत पाठवतो, त्यामुळे भेगांमध्ये गारेगार निळा रंग भरलेला होता. आधी ऐकू येतो तो बारीक तडतडाट, पाण्यात तरंगणाऱ्या तुकड्यांमधली शेकडो वर्षे कोंडलेली हवा सुटण्याचा, सोड्याची बाटली उघडावी तसा. मग कुठेतरी बंदुकीचा बार होतो आणि सगळे त्या दिशेला वळतात, तर तिथे काहीच नसते, कारण पडायचे ते आधीच पडून गेलेले असते आणि आवाज मागाहून आलेला असतो. तासाभरात आम्ही शिकलो की आवाजाची वाट पाहू नये, भिंतीवरून नजर हलवू नये. आणि मग माझ्या डोळ्यांदेखत एक मनोरा, पाचसहा मजली असावा, मुळातून सुटला, उभाच्या उभा खाली बसला आणि पाण्यात गेला. एक, दीड सेकंद शांतता. मग तो गडगडाट छातीत आला. इथले मूळचे ट्लिंगिट लोक याला पांढरा गडगडाट म्हणत आले आहेत. त्याची लाट जहाजापर्यंत पोचली तेव्हा स्वयंपाकघरातली पोरे, पांढऱ्या टोप्यांसकट, खालच्या डेकवर येऊन उभी होती. त्यांना दर आठवड्याला हे दिसते. तरी ती आली होती.

शेजारीच ग्रँड पॅसिफिक हिमनदी आहे, माती आणि दगडगोट्यांनी इतकी झाकलेली की ती हिमनदी आहे हे सांगावे लागते, आणि ही सबंध खाडी मुख्यतः तिनेच कोरलेली आहे. कप्तानाने जहाज जागच्या जागी पूर्ण गोल फिरवले, दोनदा, म्हणजे दोन्ही बाजूंच्या बाल्कन्यांना हिमनदी सारखीच मिळाली. आमच्या डाव्या-उजव्याच्या वादाचा निकाल तिथे लागला. वरच्या डेकवर खांद्याला खांदा लावून गर्दी होती, म्हणून आम्ही खोलीत परतलो आणि बाल्कनीत पांघरुणे गुंडाळून बसलो. यांनी थर्मासमधून कॉफी ओतली आणि मी म्हटले, "अहो, आता काही बोलू नका." ते तसेही बोलत नव्हते. परतीच्या वाटेवर जॉन्स हॉपकिन्स या उपखाडीच्या नुसत्या तोंडावरून आम्ही गेलो. आतल्या तरंगत्या बर्फावर सील माद्या पिल्ले वाढवतात, म्हणून ऑगस्ट संपेपर्यंत मोठ्या जहाजांना तिथे बंदी असते आणि १ सप्टेंबरपासून ती उठते. रेंजरने हे इतक्या सहज सांगितले, पण यजमानांनी ती तारीख वहीत लिहून घेतली.

केचिकानने निराशा केली, आणि ती त्या गावाची चूक नव्हती. सकाळी सात ते दुपारी एक एवढाच मुक्काम, त्यातही अर्धा तास आधी परतायचे, म्हणजे हातात साडेपाच तास. वर्षाला साडेतीन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस पडणाऱ्या या गावाने आपले काम चोख केले आणि आम्ही उतरण्याआधीच धो धो सुरुवात केली. ओढ्यावर खांब रोवून उभारलेली क्रीक स्ट्रीट पाहिली, टोटेम हेरिटेज सेंटरमधले १९ व्या शतकातले, मूळच्या रहिवाशांच्या ओसाड पडलेल्या गावांतून आणून जपलेले कोरीव देवदारी खांब पाहिले. त्यांच्यावरचा रंग गेलेला आहे आणि त्यामुळेच कोरीवकाम नीट दिसते. तिथे दोन तास कमी पडले. जहाजाच्या माहितीपत्रकात ओढ्यातून उड्या मारत वर जाणाऱ्या सामन माशांचे मोठे चित्र होते. पुलावर उभे राहून आम्ही भिजलो आणि एकही मासा दिसला नाही. एका दुकानदाराने हसून सांगितले की ती गर्दी जुलैअखेरीपासून पुढे होते. जूनच्या प्रवाशाला ऑगस्टचे चित्र विकू नये.

जेवणाबद्दल थोडक्यात. मी शाकाहारी आहे, हे मासे खातात. मुख्य भोजनगृहात पहिल्या रात्री माझ्यासाठी पास्ता आणि पुन्हा पास्ता होता; वाढणाऱ्याला सांगितल्यावर त्याने दुसऱ्या दिवशीपासून आदल्या रात्री विचारून भारतीय भाजी, डाळ आणि भात करवून आणला, मोजकाच पण मनापासून केलेला. यांनी हॅलिबट आणि सामन रोज खाल्ले आणि रोज तारीफ केली. बुफे सामान्य. संध्याकाळचे कार्यक्रम म्हणजे एक तंतुवाद्यांची चौकडी आणि एक पियानोवाला. ज्यांना झगमगाट हवा त्यांना हे जहाज मिळमिळीत वाटेल, आणि आमच्या शेजारच्या टेबलावरचे तरुण जोडपे तिसऱ्याच दिवशी कंटाळले होते. पेयांच्या पॅकेजचा नियम मात्र मला पटला नाही. एका खोलीतल्या एकाने ते घेतले की दुसऱ्यानेही घ्यायलाच हवे. मी लिंबूपाणी पिते.

खर्चाचा हिशेब असा. बाल्कनीच्या खोलीचे भाडे माणशी १,६४९ डॉलर, वर कर आणि बंदरशुल्क माणशी ३१० डॉलर, टिप माणशी रोजचे १७ डॉलर, जी आपोआप खात्यात चढते. देवमासे आणि रेल्वे या दोन सफरी आणि इंटरनेट धरून दोघांचे विमानभाडे सोडून ५,२०० डॉलरच्या आसपास झाले. आधीच्या कंपनीच्या जहाजापेक्षा हे सुमारे पाचशे डॉलरनी जास्त आहे आणि मला ते डाचत नाही. डाचते ते शेवटच्या रात्रीचे बिल. पैसे देऊन जेवायच्या उपाहारगृहातले आरक्षण आम्ही आदल्या दिवशी फोन करून रद्द केले होते, तरी त्याचे ७८ डॉलर लावलेले होते. स्वागतकक्षाने उपाहारगृहाकडे पाठवले, उपाहारगृहाने स्वागतकक्षाकडे, आणि तिसऱ्या रांगेत एका कर्मचाऱ्याने ती रक्कम काढली खरी, पण पुढच्या सफरीत वापरायची जमा म्हणून. रोख परत मिळावी यासाठी आणि खुर्च्यांच्या त्रासासाठी मी दोन पत्रे पाठवली आहेत. पाच आठवडे झाले, पोच आली आहे, उत्तर आलेले नाही. जहाजावरची माणसे जेवढी जागरूक, तेवढेच हे कार्यालय झोपाळू दिसते.

यजमानांचे म्हणणे असे की ७८ डॉलर जमा आहेत ते तसेच राहू द्यावेत. काल रात्री ते त्याच जहाजाचा नकाशा उघडून वर-खाली केबिन असलेल्या मजल्यावरच्या खोल्या पाहत होते, तारीख ५ सप्टेंबर.